सकाळी सातच्या घंटेस खुले पत्र

अहिल्यानगर,
जानेवारी

घंटे,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. तुला तो लिहावा असं तुझ्या हातून काहीही घडलेलं नाही, म्हणून थेट विषयावर येते.

मी नगरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पहिला तास माझा. तू सातला वाजतेस आणि गप्प होतेस. पुढचा तास मला काढायचा असतो. समोर अकरावी-बारावीची मुलं-मुली बसलेली असतात. स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेतलेले, डोळे उघडे, पण नजर फळ्यावर नाही आणि खिडकीबाहेरही नाही. प्रश्न विचारला की तो त्यांच्यापर्यंत पोचायलाच वेळ लागतो. मागच्या बाकावरच्यांचं राहू दे. दहावीला नव्वदच्या पुढे टक्के मिळवून आलेली मुलगी पहिल्या बाकावर हनुवटीखाली मूठ धरून झोपते. मी तिला उठवत नाही. तिला तिथे झोपवलंस तू, आणि घरी अंथरुणातून ओढून आणलंस तेही तूच.

तुझ्यावरचा आरोप सांगते. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना चोवीस तासांत आठ ते दहा तास झोप लागते. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीने २०१६ साली हा आकडा सांगितला आणि जगभरचे डॉक्टर तोच सांगतात. माझ्या वर्गातल्या मुलांना विचारलं तर बहुतेकांचं उत्तर साडेपाच-सहा तासांवर येऊन थांबतं. रात्री साडेअकरा-बाराला डोळा लागतो आणि पहाटे पाच-साडेपाचला गजर होतो. रोजची दोन-तीन तास झोप कुठे गेली, याचा पंचनामा करायची वेळ आली की घरातले, शाळेतले, गावातले सगळे एका दिशेला बोट दाखवतात: मोबाइल. तू मात्र भिंतीवर निवांत असतेस. तुझ्याकडे कुणी वळूनही बघत नाही, कारण तू शिस्तीचं प्रतीक आहेस.

मोबाइलचा हिशोब मी चुकता करणार आहे, त्याला सोडणार नाही. पण आधी तुझा.

बारावीच्या जीवशास्त्रात पिनिअल ग्रंथी येते. मेंदूच्या आत, वाटाण्याहूनही लहान. अंधार पडल्यावर ती मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडायला लागते आणि शरीराला कळतं की रात्र झाली. हा धडा मी तुझ्या वेळेला शिकवते, आणि त्यातली पुस्तकात नसलेली गोष्ट मुलांना मुद्दाम सांगते. वयात येताना हे मेलाटोनिन सुटण्याची वेळ पुढे सरकते. तासभर, कधी दोन तास. दहा वर्षांचं पोर नऊ-साडेनऊला पेंगायला लागतं. तेच पोर सोळाव्या वर्षी दहा वाजता टक्क जागं असतं. शिवाय दिवसभर जागं राहिल्याने मेंदूत झोपेची जी ओढ साठत जाते, ती या वयात लहान मुलांपेक्षा सावकाश साठते. म्हणजे झोपेकडे नेणाऱ्या दोन्ही गोष्टी एकदमच उशिरा येतात. त्यात मुलाचा हट्ट नाही आणि आईबापाचं वळणही नाही. साधारण विशीपर्यंत हे घड्याळ पुढेपुढे जातं, मग हळूहळू परत फिरतं. अशा मुलाला साडेपाचला उठवणं म्हणजे त्याच्या शरीराच्या हिशोबाने साडेतीन-साडेचारला उठवणं.

हे सगळं मोबाइलने झालं म्हणणाऱ्यांनी तारखा बघाव्यात. मेरी कार्सकाडन या अमेरिकन संशोधिकेने वयात येण्याचा आणि झोपेच्या घड्याळाचा हा संबंध १९९३च्या सुमारास मांडला. तेव्हा मुलांच्या हातात फोन नव्हते. पुढे १९९८ साली तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ऱ्होड आयलंडमधल्या काही मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नववीतून दहावीत जाताना त्यांची शाळा ८ वाजून २५ मिनिटांऐवजी ७ वाजून २० मिनिटांना भरू लागली होती. दहावीतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना सकाळी डुलकी घ्यायला सांगितली, तर ती पटकन झोपली आणि थेट स्वप्नांच्या झोपेत शिरली. निरोगी माणूस झोपी गेल्यावर तिथे पोचायला साधारण तास-दीड तास लागतो. झोपेत इतक्या लवकर स्वप्नं येणं हे नार्कोलेप्सीसारख्या आजारात दिसतं. ही मुलं आजारी नव्हती. त्यांची शाळा लवकर भरत होती, एवढंच. आणि तिची घंटा तुझ्यापेक्षा वीस मिनिटं उशिरा वाजत होती.

आता आपल्या जिल्ह्याचं बोलू, कारण तुझा गुन्हा इथे आणखी वाढतो.

आपलं प्रमाणवेळेचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. तो रेखांश उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. नगर पावणेपंच्याहत्तर अंशांच्या आसपास आहे. एका अंशाला चार मिनिटं, या हिशोबाने आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या सुमारे ३१ मिनिटं मागे चालतो. तू सातला वाजतेस तेव्हा नगरच्या आकाशात साडेसहाच झालेले असतात. जानेवारीच्या मध्यावर तर सूर्य सातनंतर वर येतो. तू सूर्योदयाच्या आधी वाजतेस. झोपेच्या घड्याळाला पुढे-मागे करणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सकाळचा उजेड, आणि नेमका तोच मिळायच्या आत तू मुलांना ट्यूबलाइटखाली बसवतेस.

ही तक्रार माझीच पहिली, असंही नाही. १ जानेवारी १९०६ला प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईचं घड्याळ ३९ मिनिटं पुढे करावं लागलं, आणि गिरणी कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. मजुराला कळत होतं की घड्याळ सरकवलं की कामावर जायची वेळ अंधारात सरकते. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी मुंबईची वेळ १९५५पर्यंत सोडली नव्हती. शंभराहून जास्त वर्षं झाली. गिरणीतल्या माणसाने जे अंगावर अनुभवून ओळखलं होतं, ते शाळेच्या वेळापत्रकात अजून शिरलेलं नाही.

मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातल्या मुलांच्या झोपेवर काम केलं आहे. जिथे सूर्य तासभर उशिरा मावळतो, तिथली मुलं साधारण अर्धा तास कमी झोपतात, असं त्यांना आढळलं. संध्याकाळ लांबते, झोप उशिरा लागते, आणि शाळा मात्र घड्याळाप्रमाणे त्याच वेळेला भरते. हा फटका गरीब घरांत जास्त बसतो, हेही त्यांनी नोंदवलं आहे. ते वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. ती गरीब घरं माझ्या हजेरीपटावर आहेत.

नगर तालुक्यातल्या आणि आसपासच्या गावांत दहावीपर्यंतची शाळा बहुधा दहा-साडेदहाला भरते. मूल उठतं, दूध घालून येतं, जेवतं, चालत शाळेत जातं. त्याची झोप पूर्ण होते की नाही हा वेगळा प्रश्न, पण निदान तिला जागा असते. मग दहावीचा निकाल लागतो. पेढे वाटले जातात आणि विज्ञान शाखेसाठी मूल शहरात येतं. इथे तू त्याची वाट बघत असतेस. एका सुट्टीत त्याचा दिवस तीन-साडेतीन तास अलीकडे ओढला जातो, आणि तोही नेमक्या त्या वयात, जेव्हा शरीर दिवस पलीकडे ढकलत असतं. चिचोंडी पाटील, वाळकी, जेऊर, देहरे, सुपा, कुठूनही निघायचं तर पहिली एसटी गाठायला साडेपाचला फाट्यावर उभं राहावं लागतं. माळीवाडा किंवा तारकपूरला उतरून पुढे चालायचं. एसटी चुकली तर ट्रकला, दुधाच्या टेम्पोला हात करायचा. ज्यांच्या घरी मोटरसायकल आहे ते परवाना नसताना ती घेऊन निघतात, आणि हंगाम उसाचा असतो. मागे दिवा नाही, लाल कापड नाही, अशा दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मनमाड रस्त्यावर अंधारात पुढे चाललेले असतात. अर्धवट झोपेतलं सोळा वर्षांचं पोर आणि न दिसणारी ट्रॉली यांची गाठ घालून देणारी तू आहेस. रस्त्याचे खड्डे दिसतात, ट्रॉली दिसते, पंचनाम्यात त्यांची नोंद होते. वेळेची नोंद कुणी करत नाही.

मुलींना तू आणखी महागात पडतेस. मुलाला पाचला उठून तोंड धुऊन निघता येतं. मुलगी त्याच्या आधी अर्धा तास उठते. पाणी भरायचं असतं, झाडलोट असते, कित्येक घरांत स्वतःच्या डब्याच्या भाकरीही तिलाच थापायच्या असतात. माझ्या वर्गात पहिल्या तासाला झोपणाऱ्यांत मुली कमी नाहीत. त्या जास्त सफाईने झोपतात, एवढाच फरक.

आणि रात्री? शेतीपंपांची थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की घरातल्या कुणीतरी मोटर चालू करून दारं धरायला जायचं असतं. बाप आजारी असेल, परगावी असेल किंवा नुसता थकलेला असेल, तर बॅटरी घेऊन पोरगा जातो. हातात काठी, पायात बूट नाहीत, आणि उसात बिबट्या आहे हे त्याला पक्कं माहीत असतं. राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर, राहाता या पट्ट्यात ही भीती ऐकीव राहिलेली नाही. रात्री दोन-अडीचला एक वाफा भरून दुसऱ्याचं दार फोडणारा पोरगा सकाळी तुझ्या हाकेला हजर असतो, आणि त्याचं डोकं बाकावर टेकलं की आम्ही शिक्षक लोक विचारतो, काय रे, रात्रभर रील्स बघत होतास का?

दिवसा वीज देता येते, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, आणि तिचे सुरुवातीचे प्रयोग ज्या गावांत झाले त्यांत पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी होतं. शेतकऱ्याने रात्री शेतात जाऊ नये म्हणून सरकार पंपाची वेळ बदलायला निघू शकतं. पंपाची वेळ बदलते. तुझी बदलत नाही.

एकदा तुझ्याबद्दल बोललं गेलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप अपुरी होते, शाळांच्या वेळा बदलाव्यात, असं जाहीरपणे म्हटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय आला: नव्या शैक्षणिक वर्षापासून शाळा नऊच्या आधी भरवू नका. बातमी वाचून मला झालेला आनंद पुढच्या ओळीपर्यंत टिकला. तो निर्णय पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतच होता. लहानग्यांना पुरेसं झोपू द्यावं, याला माझा विरोध कसा असेल? पण सहा-सात वर्षांचं मूल आपसूक लवकर झोपतं आणि लवकर उठतं; सुट्टीच्या दिवशी सहाला उठून आईला हलवून जागं करणारं तेच असतं. ज्या वयाचं शरीर पहाटेला खरोखर उठू शकत नाही, ते वय निर्णयातून सुटलं. वर, जिथे एका इमारतीत दोन सत्रं चालतात तिथे लहानांना सकाळी नऊच्या आत बोलवायचं नाही म्हटल्यावर पहाटेचं सत्र कुणाच्या वाट्याला जाणार? मोठ्यांच्याच. तुला बारीकसा ओरखडाही आला नाही.

तुला क्लासवाल्यांचीही साथ आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळेच्या वेळेत क्लास नको, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि फार पहाटे किंवा फार उशिरा संध्याकाळी नको, असं त्यांत लिहिलेलं आहे. नगरच्या सावेडीत किंवा बालिकाश्रम रस्त्यावर पहाटे फिरायला निघालं की पाठीवर दप्तर लावून भरधाव जाणाऱ्या स्कूटी दिसतात. त्या मुलांनी या सूचना वाचलेल्या नाहीत, त्यांच्या आईबापांनीही नाहीत. नीट आणि जेईईच्या नावाखाली पहाटे क्लास, सातला कॉलेज, दुपारी पुन्हा क्लास, रात्री दहाला क्लासच्या ग्रुपवर उद्याच्या टेस्टचा मेसेज. जेवणाला आणि अंघोळीला मुश्किलीने जागा उरते.

मोबाइलची पाळी आता. तो निर्दोष नाही. अंथरुणात डोळ्यांसमोर धरलेला पडदा मेलाटोनिनला आणखी मागे रेटतो, आणि एकामागून एक आपोआप सुरू होणारे व्हिडिओ ज्यांनी बनवले त्यांना थांबण्याची जागा ठेवायचीच नव्हती. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवावा, असं मी प्रत्येक पालकाला सांगते आणि सांगत राहीन. पण त्या मुलाच्या दिवसाकडे बघ. पहाटेपासून रात्री दहापर्यंत त्याचं एक मिनिट त्याच्या मालकीचं नाही. रात्री साडेदहा ते बारा हा वेळ कुणीही मागायला येत नाही, म्हणून तो त्याला घट्ट धरून बसतो. मित्रांशी बोलतो, गाणी ऐकतो, भलतंसलतं बघतो. तो दीड तास त्याला दिवसा मिळाला असता तर त्याने तो दिवसा घेतला असता. शिवाय पहाटे न झालेली झोप दुपारी भरून काढायला तो दोन-तीन तास आडवा पडतो, साठत आलेली ओढ तिथे खर्च होते, आणि रात्री पुन्हा झोप येत नाही. या चक्राची सुरुवात मोबाइलपासून होत नाही. सातपासून होते.

यात मुलं काय गमावतात ते मी वर्गात रोज बघते. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते. स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. साडेपाचचा गजर कापतो ती मुख्यतः ही दुसरी झोप. शिकलेलं मनात बसणं, भावना ताळ्यावर राहणं, यांत तिचा वाटा मोठा आहे. अपुऱ्या झोपेने चिडचिड वाढते, उदासी वाढते, भूक बिघडते, वजन वाढतं, खेळताना दुखापती वाढतात. मुलगा उद्धट झालाय, मुलगी एकलकोंडी झालीय, म्हणून पालक माझ्याकडे येतात. मी आधी एकच विचारते: किती वाजता झोपतो, किती वाजता उठतो? उत्तर ऐकल्यावर कित्येकदा पुढचं काही विचारावंच लागत नाही. रविवारी अकरापर्यंत झोपलं म्हणून त्याच मुलाला घरचे आळशी म्हणतात. आठवड्याची देणी तो एका सकाळी फेडायला बघत असतो. ती फिटत नाहीत, आणि सोमवारी तू पुन्हा उभी असतेस.

तुझ्या बाजूने बोलणारेही आहेत. ब्राह्ममुहूर्ताचं महत्त्व सांगणारे आहेत, लवकर निजे-लवकर उठेची म्हण ऐकवणारे आहेत. त्या म्हणीचा पहिला अर्धा भाग पाळायला शरीरच तयार नसताना दुसरा अर्धा भाग सक्तीने पाळायला लावणं ही शिस्त कशी होते, ते मला एकदा कुणीतरी समजावून सांगावं. आम्ही पहाटे चारला उठून अभ्यास केला, असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी खोटं पाडत नाही. ते नऊला झोपत होते, आणि त्यांच्या पिढीतले जे उठू शकले नाहीत ते शाळेतून गळाले. आज सांगायला ते समोर नाहीत.

उन्हाचं कारण मला मान्य आहे. मार्च-एप्रिलमध्ये नगरचा पारा चाळिशीकडे जातो, पत्र्याच्या वर्गात दुपारी बसवत नाही, तेव्हा सकाळची शाळा हवीच. एप्रिलमध्ये सूर्यही सव्वासहाला आलेला असतो. पण उन्हाळ्याचं कारण पुढे करून तू नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीतही वाजतेस, ते कशासाठी?

वर्गखोल्या कमी आहेत, बसची सोय नाही, शिक्षकांच्या वेळा जुळत नाहीत. ही कारणं खरी आहेत आणि त्यांना पैसे लागतात. अमेरिकेतही हीच रड झाली. मिनेसोटातल्या एडिना गावाने १९९६ मध्ये उच्च माध्यमिक शाळेची वेळ साडेआठवर नेली. २०१४ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आत भरवू नयेत असं सांगितलं. कॅलिफोर्नियाने २०१९ला कायदा केला आणि २०२२पासून उच्च माध्यमिक शाळा साडेआठच्या आत भरवणं बंद केलं. फ्लोरिडाने २०२३ला असाच कायदा केला आणि बस-खर्चाच्या तक्रारींपुढे मान तुकवून २०२५ला मागे घेतला. हे सोपं आहे असं मी म्हणत नाही.

पण वेळ बदलली तर मुलं आणखी उशिरा झोपतील, हे तुझ्या पाठीराख्यांचं लाडकं भाकीत मात्र खोटं ठरलं आहे. सिअॅटलमध्ये २०१६ साली उच्च माध्यमिक शाळा ७:५० ऐवजी ८:४५ला भरू लागल्या. मुलांच्या मनगटाला यंत्रं बांधून मोजणी झाली, २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मुलं रोज सरासरी ३४ मिनिटं जास्त झोपली. अभ्यासातल्या दोन शाळांपैकी गरीब वस्तीतल्या शाळेत उशिरा येण्याचं आणि गैरहजेरीचं प्रमाणही घटलं. चिचोंडीहून येणाऱ्या माझ्या मुलांसाठी मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. ज्यांच्या घरी चारचाकी आहे ती मुलं तुझ्या वेळेला कशीबशी पोचतात. तुझ्यामुळे शिक्षण सुटतं ते एसटीची वाट बघणाऱ्यांचं.

तू वेळेची पक्की आहेस, हे तुझ्याबद्दल खरं बोलता येईल असं एकच चांगलं वाक्य. वर्षानुवर्षं चुकीच्या वेळेला तू एक मिनिटही इकडेतिकडे झालेली नाहीस.

तुझ्यापुरतं मी काय करणार आहे ते सांगते. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक उन्हाळ्यात ठरतं. त्या बैठकीत मी हा अर्ज ठेवणार आहे: जून ते फेब्रुवारी अकरावी-बारावीचा पहिला तास साडेआठला; प्रात्यक्षिकं दुपारी; लांबून येणाऱ्यांसाठी एसटीच्या आगार व्यवस्थापकांना संस्थेचं पत्र, की साडेपाचची गाडी सातला सोडा, त्यात आमचे विद्यार्थी भरपूर आहेत; आणि पहाटेच्या क्लासबाबत केंद्राच्या सूचनांची मराठी प्रत प्रत्येक पालकाच्या हातात. एकदम साडेआठ जमत नसेल तर आठ. आठही जमत नसेल, तर का जमत नाही हे लेखी मागणार आहे, खोल्यांच्या आणि माणसांच्या हिशोबासकट. इतकी वर्षं तुला कुणी कारणच विचारलेलं नाही. एकदा ते कागदावर आलं की त्यातलं किती खरं आणि किती नुसती सवय, हे पालकांनाही वाचता येईल.

तोपर्यंत माझ्या तासाला जो झोपेल त्याला मी वर्गाबाहेर काढणार नाही. मेलाटोनिनचा धडा मी या आठवड्यात पुन्हा घेणार आहे, दुपारी दोनला, ज्याला जमेल त्याने यावं म्हणून.

पहिला तास घेणारी,
एक शिक्षिका